गार घरातली सरडी

मित्रांनो, एखाद्या माणसाने तुम्हाला मोठ्या मानाने घरी न्यावं, मखमलीच्या उशीवर बसवावं, आल्यागेल्याला तुमचं कौतुक सांगावं, आणि हे सगळं चालू असतानाच तुम्हाला थोडं थोडं करून मारावं, तर त्या माणसाला काय म्हणायचं? दुष्ट म्हणावं तर तो तुमच्यासमोर बसून डोळ्यांत पाणी आणतो. चांगला म्हणावं तर तुमचे पाय लटपटत असतात. मी पुष्कळ विचार केला. डोकं लहान आहे माझं, पण आत बरंच काही मावतं. तरीही युरे नावाच्या त्या म्हाताऱ्याच्या वागण्याचा उलगडा मला बरेच दिवस होत नव्हता.

मी आहे एक वयस्कर सरडी. जात दाढीवाल्या सरड्यांची. गळ्याखाली काट्यांची झालर आहे, राग आला की ती फुगते आणि कोळशासारखी काळी पडते. या झालरीला माणसं दाढी म्हणतात. बाईमाणसाच्या झालरीला दाढी म्हणायची, ही माणसांची रीत! मी सोडून दिलं. माझं नाव बाका. युरेच्या घरी क्रोएशियन बोलतात, त्यांच्यात आजीला बाका म्हणतात. अंड्यातून बाहेर येऊन चार दिवस झाले नसतील तेव्हाच मला हे नाव मिळालं, कारण माझ्या चेहऱ्यावर जन्मापासूनच सगळ्यांवर नाराज असल्याचा भाव आहे. भाव खोटा नाही.

शिक्षण माझं बेताचंच. शाळेत राहिले खरी, पण काचेच्या पेटीत आणि फळ्याकडे पाठ करून. तेव्हा माझ्या सांगण्यात काही मोडकंतोडकं आढळलं तर पेटी तशी ठेवणाऱ्याला बोल लावा.

ती शाळा कूबर पीडीची, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ओपल नावाच्या रंगीत रत्नाच्या खाणींच्या गावाची. तिथली मास्तरीण सांदा, म्हणजे युरेची मुलगी. माझे चांगले दिवस ते तिच्या वर्गातले. पेटीच्या एका टोकाला सपाट काळा दगड, आणि त्यावर तापणारा दिवा. सकाळी दिवा लागला की दगड असा तापायचा की पोट टेकल्याबरोबर अंगातली रात्र निघून जायची. दुसरं टोक गार, तिथे सावलीला लाकडाचा पोकळ ओंडका. तापलं की तिकडे जायचं, गार वाटलं की इकडे यायचं. आपल्या मर्जीचं घर म्हणजे दुसरं काय हो? शिवाय वर एक लांबट नळीसारखा दिवा होता. तो तापायचा नाही, फार झगझगायचाही नाही, पण त्याच्याखाली बसलं की अंग भरून यायचं. का ते मला माहीत नव्हतं. भाकरीने पोट का भरतं हे तुम्ही तरी कुठे विचारता?

खाण्याची शिस्त होती. रोज हिरवा पाला बारीक चिरून, वर लाल भोपळ्याचा कीस. काही दिवसांआड रातकिडे, तेही माझ्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नाहीत. मोठा किडा घशात अडकतो. किड्यांना पांढऱ्या पुडीत घोळवायचं. "ही कॅल्शियमची पूड," सांदा मुलांना सांगायची, "हिच्या हाडांसाठी. आणि कुणी हिला आपला डबा खाऊ घालायचा नाही, काय?" एकदा एका पोरीने मला जॅमचा पाव दिला होता. सांदाने तिच्याकडे नुसतं बघितलं. नुसतं बघण्यात ती आईवर गेली आहे.

मग सांदाची बदली दूर ॲडलेडला झाली. तिथल्या भाड्याच्या खोलीत जनावर चालणार नव्हतं. वर्षभराचा प्रश्न होता. तिने मला आईवडिलांकडे आणलं आणि युरेला समोर बसवून सगळं सांगितलं. तापता दगड, गार कोपरा, नळीचा दिवा, पाला, पूड.

"ताता, कळलं ना?" तिने विचारलं. बापाला ती ताता म्हणते.

"जमिनीच्या पोटातून ओपल काढले मी," युरे म्हणाला. "एक सरडी सांभाळता येणार नाही?"

"ओपलला भूक लागत नाही, ताता."

"तू जा. तुझी बाका परत येशील तेव्हा गुबगुबीत दिसेल."

"मला गुबगुबीत नकोय. धडधाकट हवीय. आणि हे बघ, ती दगडावर तोंड उघडून बसली की समजायचं, ऊब पुरली. ती जांभई नसते."

"तोंड उघडून तर तुझी आईसुद्धा बसते," युरे हळूच म्हणाला.

"मी ऐकतेय," आतून आवाज आला. तो नेवेन्काचा, युरेच्या बायकोचा.

आता ते घर सांगते. या गावात वर नुसते मातीचे ढीग दिसतात आणि माणसं जमिनीखाली राहतात. वर उन्हाळ्यात पाखरू उडताना दमून खाली बसतं, आणि खाली घरात बारमाही गारवा. युरेचं घर त्याने स्वतः कोरलेलं आहे. त्याच्या पहिल्या उन्हाळ्यात म्हणे त्याला ऊन लागलं. खाणीच्या तोंडाशी तो कोसळला आणि नेवेन्काने त्याला काखेत धरून सावलीत ओढत आणलं. त्यानंतर त्याने पहार उचलली ती भुईत शिरण्यासाठीच. स्वयंपाकघर, निजायची खोली, बैठकीची खोली, सगळं लाल पांढऱ्या दगडात. खिडकी एकही नाही. वाऱ्यासाठी छतातून वरपर्यंत एक भोक, बस्स. ऊन हा युरेचा वैरी होता. कुणी पाहुणा वरून घाम पुसत आला की तो दार उघडून अशा ऐटीत बाजूला उभा राहायचा, जणू गारवा त्याने बाजारातून विकत आणला आहे.

पहिले महिने बरे गेले. युरे सांगितलेलं सगळं करायचा. माझ्याशी बोलायचा, मुलाबाळांशी बोलावं तसं. कुठल्या खाणीत कुणाला काय सापडलं, कोण कुणाला फसवून गेलं, सगळं मला ठाऊक झालं. मी मान खालीवर हलवायची. माझ्यात त्याचा अर्थ "इथे मी मोठी आहे" असा होतो. त्याला वाटायचं मी हुंकार देते आहे.

मग एक दिवस तो पेटी पुसताना त्याच्या कोपराचा धक्का लागला आणि वरची नळी खाली पडून फुटली.

"झालं!" नेवेन्का म्हणाली. "आता सांदाला फोन कर. नवी पाठवेल."

"तेवढ्यासाठी पोरीला फोन? माझ्याकडे दिवे कमी आहेत काय?"

मित्रांनो, इथून माझा गोंधळ सुरू झाला, म्हणून नीट ऐका. युरेकडे माती चाळायचं एक यंत्र होतं. इतरांनी खणून टाकलेल्या ढिगांतली माती पट्ट्यावरून एका काळोख्या खोक्यात सरकते, आणि तिथे एक निळसर जांभळा दिवा लावलेला असतो. मातीत ओपलचा तुकडा राहिला असेल तर त्या उजेडात तो दुधासारखा उजळतो. मग माणूस हात घालून तो उचलतो. युरेचं अर्धं आयुष्य तसल्या दिव्याखाली गेलं होतं. त्याने तो सोडवून आणला आणि माझ्या डोक्यावर बसवला.

"सूर्याच्या उजेडातलं जे डोळ्यांना दिसत नाही, ते या दिव्यात असतं," तो नेवेन्काला म्हणाला. "याने मेलेला दगड जागा होतो. मग जित्या सरडीला काय होणार नाही?"

"सांदाला विचार."

"नेवेन्का, या बाबतीत गावात मला विचारायला येतात."

त्या संध्याकाळी तापता दिवा विझल्यावर हा लागला. मी वर बघितलं. युरेचे दात आणि पांढरा सदरा चमकत होता, बाकी सगळा अंधार आणि त्यात निळी, धग नसलेली झगमग. मला कळेना की हे काय आहे. सकाळ म्हणावी तर सकाळच्या उजेडात एक पिवळेपणा असतो, रात्र म्हणावी तर रात्र असं डोळ्यांत टोचत नाही. मी त्या दिव्याखाली जाऊन बसले. रोजच्यासारखं अंग भरून येण्याची वाट बघत बसले. काहीच आलं नाही. मला वाटलं, माझंच काही चुकत असेल. उद्या येईल.

त्यातच उन्हाळा लागला. युरे एक दिवस वरून आला, तोंड लालबुंद, आणि माझ्या तापत्या दिव्याखाली हात धरून ओरडला, "अगं, हे काय! वर माणसं भाजतायत आणि इथे खाली ही बिचारी भट्टीत बसलीय!" त्याने तो दिवा बंद केला. काळा दगड उचलून बाहेर ठेवला. त्या जागी नेवेन्काची एक मखमली उशी आणून ठेवली, तिच्या चर्चला घालायच्या टोपीखालची.

"माझी उशी?" नेवेन्का कडाडली.

"तुझी टोपी उभी राहते ना तशीच? तिला काय गरज? आणि आता आमच्या बाकाला बघ कसं वाटतं! गार, मऊ, राणीसारखं!"

मला वाटत होतं ते असं होतं की कुणीतरी माझ्या पोटातली चूल विझवली आहे. खाल्लेलं खाली उतरेना. मी त्याला सांगायला तोंड उघडायला गेले, पण तोंड उघडायलाही अंगात ऊब लागते हे मला तेव्हा कळलं. माझी जीभ धारदार आहे, पण उन्हाशिवाय म्यानातून निघत नाही.

मी खाईना म्हणून युरेने माझे लाड वाढवले. पाला बाजूला राहिला. "गवत कोण खातं! आपण काय बोकड आहोत?" म्हणत तो द्राक्षं द्यायचा, कलिंगडाचे गोड तुकडे द्यायचा. एकदा चेवापीचा, म्हणजे त्यांच्या भाजलेल्या मांसाच्या वळकटीचा तुकडा माझ्या नाकासमोर धरला. पिठातल्या अळ्या चारायचा, त्या नुसत्या तुपकट. पांढऱ्या पुडीचा डबा त्याने उघडून वास घेतला आणि फळीवर मागे सारला. "खडू चारायचा का म्हातारीला?" मी ते गोड खाल्लं, खोटं कशाला बोलू. गोड कुणाला आवडत नाही? पण खाऊन खाऊन मी कशी काय रिकामी होत चालले, हे मला कळत नव्हतं. पोट फुगलेलं आणि आतून पोकळ. जबडा मऊ झाल्यासारखा वाटायचा. अळी चावताना दात कुठे टेकत आहेत ते समजायचं नाही.

आणि मग पाय थरथरायला लागले.

आधी उजवा पुढचा. मी उशीवर स्वस्थ बसलेली असायची आणि तो आपला आपण कापायचा, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मी त्याच्याकडे बघायची. थांब, म्हणायची. थांबायचा नाही.

युरेला आनंद झाला.

"नेवेन्का! बघ, बघ! हात हलवते मला!"

आमच्या जातीची पोरं मोठ्यांसमोर एक पंजा उचलून हळूच गोल फिरवतात, ते खरं आहे. "तुम्ही मोठे, मी लहान" असं त्यातून सांगायचं असतं. पण मी? माझ्या वयाला? त्या म्हाताऱ्यासमोर? मी जन्मात कुणाला पंजा हलवलेला नाही! आणि ते हलवणंही असं नसतं. ते ऐटीने होतं. हे म्हणजे वाऱ्यात पान हलावं तसं. पण सांगणार कशी?

त्याने त्याचा मित्र थानासिस याला बोलावलं. हा ग्रीक, शेजारच्या टेकाडाखाली राहतो. दोघे माझ्या पेटीसमोर बाटली घेऊन बसले.

"सलाम कर बाका, सलाम कर!" युरे म्हणाला.

माझा पाय कापला.

"अरे वा!" थानासिस म्हणाला. "माझी बायको एवढ्या वर्षांत शिकली नाही हे."

"प्रेम लागतं, थानासिस. नुसतं प्रेम."

मी त्या निळ्या उजेडात बसून त्या दोन चमकणाऱ्या दातांच्या ओळींकडे बघत होते. माझी दाढीही काळी होईना, तेवढंही बळ नव्हतं. मित्रांनो, मला सांगा, मी काय समजायला हवं होतं? हा माणूस माझ्यावर प्रेम करत होता. ते खोटं नव्हतं. मी कापत होते. तेही खोटं नव्हतं. दोन खऱ्या गोष्टी एकाच पेटीत कशा राहतात, तेच मला समजेना. कधी वाटायचं, कदाचित मरणं असंच असतं, गोड, गार आणि निळं. कदाचित सगळे असेच म्हातारे होतात.

एका गोष्टीचा मात्र मला गोंधळ नव्हता. त्या घरात छतातलं ते वाऱ्याचं भोक स्वयंपाकघरात, माझ्या पेटीसमोरच, उघडत होतं. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य बरोबर त्याच्यावर आला की भोकातून उन्हाचा एक गोल तुकडा खाली फरशीवर पडायचा. पुरीएवढा. थोडा वेळ राहायचा, सरकायचा आणि विझायचा. मी पेटीतून त्याच्याकडे बघत बसायची. तो निळा नव्हता. तो पिवळा होता. त्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण तो आला की माझी मान आपोआप तिकडे वळायची.

एका दुपारी युरेने मला बाहेर काढून फरशीवर ठेवलं आणि पेटी पुसायला घेतली. थानासिसने दारातून हाक मारली म्हणून तो उठून गेला. फरशीवर तो उजेडाचा गोल पडलेला होता.

मी निघाले. मागचे पाय उठेनात. मी पोटावरून सरपटत गेले, पुढच्या दोन पायांनी अंग ओढत. एवढीशी खोली, पण मला ती संपेना. वाटेत दोनदा मी थांबले आणि कुठे चालले होते तेच विसरले. मग मान वळली, आणि आठवलं.

त्या उन्हात मी डोकं ठेवलं. नुसतं डोकं मावलं.

नेवेन्का भाजी निवडायचं भांडं घेऊन आली आणि थबकली. ती ओरडली नाही. भांडं टेबलावर ठेवून माझ्याजवळ उकिडवी बसली. ऊन सरकलं. मी त्याच्यामागे सरकले. ते परत सरकलं. मी परत सरकले, पण यावेळी माझे मागचे पाय मागे तसेच राहिले आणि त्यातला डावा थरथरायला लागला.

"युरे," नेवेन्काने हाक मारली. तिचा आवाज इतका हळू होता की युरे घाबरून धावत आला. "ही तुला सलाम करते म्हणतोस ना?"

"हो. का?"

"मागच्या पायाने कोण सलाम करतं रे?"

युरेने बघितलं. मग त्याने वर भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उशी सोडून ही फरशीवर का आली?" तो म्हणाला.

"तुझ्या उशीवर ऊन नाही म्हणून. जनावर आहे ते, म्हाताऱ्या! पोटावर रांगत आलंय इथपर्यंत. तू आपला दात काढून बसलास त्या ग्रीकाबरोबर. फोन दे इकडे."

फोनवर सांदा होती. नेवेन्काने फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. मला त्या उन्हाच्या तुकड्यातून हलवायला तिने युरेला मनाई केली होती.

"ताता, वर कुठला दिवा आहे?" सांदाने विचारलं.

"नळी फुटली ती. पण मी त्याहून चांगला लावलाय. यंत्रावरचा."

"कुठल्या यंत्रावरचा?"

"अगं, माती चाळायच्या. अजून कोरा आहे जवळजवळ."



"ताता, त्या दिव्याने दगड उजळतो. हाडं घट्ट होत नाहीत. उन्हात न दिसणारं पुष्कळ काही असतं. त्यातला एक भाग तुझ्या दिव्यात आहे. तिला लागतो तो दुसरा, तो त्यात नाहीच. त्या दुसऱ्याशिवाय तिला कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि असलेलं हाडांतून निघून जातं. पूड देतोस ना तू?"

युरेने फळीकडे बघितलं.

"फळीवर आहे," नेवेन्का म्हणाली. "मागे."

"आणि तापता दिवा?"

"तो मी बंद केला," युरे म्हणाला. "उकाडा होत होता तिला."

"उकाडा होतो असं तिने सांगितलं?"

"याला होतो उकाडा," नेवेन्का म्हणाली. "सगळ्या जगाला होतो असं वाटतं याला."

"ताता, ऐक," सांदा म्हणाली. तिच्या आवाजात आता रडू होतं. "तिच्या अंगात आपल्यासारखी चूल नाही. बाहेरची ऊब घेते तेव्हाच तिचं पोट चालतं, तेव्हाच ती हलते. तू तिची चूल विझवलीस. मागचे पाय गेलेत म्हणतेस ना आई? आजच डॉक्टरकडे न्या. आजच. उद्यावर टाकलं तर मी आल्यावर ती नसेल."

युरे फरशीवर बसला. इतका मोठा माणूस, पण बसला तेव्हा मला माझ्याच उंचीचा वाटला.

"मी तर तिला उन्हातून वाचवत होतो," तो म्हणाला.

 माझ्या गोंधळाची गाठ तेव्हा सुटली बरं का. उन्हाने एकदा त्याला मारायला घेतलं होतं. तेव्हापासून ज्याच्यावर जीव जडेल त्याला उन्हापासून लपवायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने मला जे दिलं ते त्याला हवं होतं. मला काय हवं हे त्याने एकदाही विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, इतकं प्रेम.

जनावरांची डॉक्टर पोर्ट ऑगस्टाला. सहा तासांची वाट, लाल माळातून सरळ रेघेसारखी. नेवेन्काने मला मांडीवर घेतलं, ओंजळीत, आणि युरेने गाडीतला गार वारा बंद केला. उन्हाळ्यातली भर दुपार. दोघांच्या अंगावरून घाम वाहत होता.

"खिडकी थोडी उघडू?" युरेने विचारलं.

"ती काय म्हणते?" नेवेन्का म्हणाली.

युरेने माझ्याकडे बघितलं. माझ्या पाठीवर रंग चढत होता, राखाडीतून हळूहळू पिवळा.

"नको म्हणते," तो म्हणाला, आणि बाहीने तोंड पुसून गाडी चालवत राहिला. मित्रांनो, त्याने मला विचारलं ते हे पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझा जबडा दोन बोटांत धरून दाबला, तो दबला. हाडांचं चित्र काढलं. माझी हाडं त्यात धुरासारखी पुसट दिसत होती, असं नेवेन्का नंतर कितीतरी जणांना सांगत होती. तोंडात औषध घातलं, सुई टोचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचेल बहुतेक. पण जबडा थोडा वाकडाच राहील." युरेने मान हलवली.  परत येताना नेवेन्का बोलली नाही, आणि तिचं न बोलणं म्हणजे त्या घरात वादळच.

आता मी बरी आहे. जबडा डावीकडे जरा ढळलेला आहे, त्यामुळे चेहऱ्यावरची नाराजी आणखी वाढली आहे. डावा मागचा पाय चालताना थोडा फेकला जातो. पण चालते. पेटीत नवी नळी आहे, काळा दगड परत आला आहे, त्यावरचा दिवा सकाळी लागतो आणि रात्री विझतो. ती नळी दिसायला पेटलेली राहते, पण तिच्यातलं कामाचं ते आधीच संपतं, म्हणून ठरलेल्या मुदतीत ती बदलायची असते. हे सांदाने युरेला तीनदा म्हणून दाखवायला लावलं. रोज पाला, वर भोपळा. किडे मोजके आणि पुडीत घोळवलेले. द्राक्ष एखादं, सणासुदीला. उशी टोपीखाली परत गेली.

आणि युरेने वर, जमिनीवर, मातीच्या ढिगाशेजारी माझ्यासाठी जाळीचं घर बांधलं. काच लावत होता, पण सांदा म्हणाली काचेतून कामाचं ऊन येत नाही, म्हणून नुसती जाळी. अर्ध्यावर पत्र्याची सावली, अर्धं उघडं. सकाळी कोवळ्या उन्हात तो मला वर घेऊन जातो. आणि एकटीला सोडत नाही, घारी असतात. ज्या माणसाने उन्हाच्या भीतीने आख्खं घर भुईत कोरलं, तो डोक्यावर नेवेन्काची जुनी फुलाफुलांची टोपी घालून माझ्याशेजारी उन्हात बसतो. त्याच्या नाकाची साल निघाली आहे. थानासिस येऊन हसून जातो.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी मुकं असेल. मासा असेल, पोपट असेल, कासव असेल. त्याला घरी आणण्याआधी एवढंच शोधून काढा की ते कुठलं आहे, काय खातं, त्याला ऊन किती लागतं आणि सावली किती. तुम्हाला काय आवडतं ते त्याला देऊ नका. तुमचा लाड म्हणजे त्याचं जेवण नव्हे. आणि ते कापायला लागलं तर ते तुम्हाला सलाम करतंय असं समजू नका.

परवा सकाळी आम्ही असेच बसलो होतो. दगड चांगला तापला होता. ऊन पाठीतून आत उतरून पोटापर्यंत पोचलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती ऊब माझ्या जबड्यापर्यंत आली, वाकड्या बाजूलासुद्धा. माझी दाढी फुगली. मला बोलायचं होतं, फार दिवसांचं साठलेलं होतं. मी त्याच्याकडे मान वळवली आणि तोंड उघडलं, चांगलं आ करून.

युरे टोपी हातात घेऊन उठून उभा राहिला. "नेवेन्का!" तो वाऱ्याच्या भोकात तोंड घालून खाली ओरडला. "नेवेन्का, बाकाने तोंड उघडलं! ऊब पुरली तिला! सांदाला कळव!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला माझा शब्दही ऐकू आला नाही. मी मात्र सगळं मोठ्याने बोलले, आणि ते असं होतं:

"युरे, तुझ्यासारखं प्रेम करणारा माणूस कुणाच्या वाट्याला येऊ नये. आणि आलाच, तर त्याला नेवेन्कासारखी बायको असावी."